जोर कमी, काम तेवढंच

रोजच्या वापरातल्या वस्तू हाताला हलक्या कशा कराव्यात, या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी वस्तुरचनेचा अभ्यास करते. ‘वापरायला कमी कष्टाची वस्तू’ असं सगळे म्हणतात, पण कमी म्हणजे किती? त्याचा काही आकडा आहे का? आणि तो घरच्या घरी मोजता येतो का?

आकडा आहे, पण त्याच्याकडे शेवटी वळू. सर्वांना वापरता येईल अशा रचनेची, म्हणजे ‘युनिव्हर्सल डिझाइन’ची, सात तत्त्वं १९९७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत रोनाल्ड मेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्यातलं सहावं तत्त्व कमी श्रमांचं आहे. त्यात चार अपेक्षा आहेत : शरीर अवघडू नये, लागणारं बळ वाजवी असावं, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागू नये आणि जोर लावून धरून ठेवावं लागू नये. म्हणजे बळ ही चारांतली एकच गोष्ट झाली. विद्यार्थी नेमकी तेवढीच मोजतात, कारण ती मोजायला सोपी असते.

आता आकडा. अमेरिकेच्या २०१० च्या सुगम्यता नियमांनुसार हाताने चालवायच्या भागाला २२.२ न्यूटनपेक्षा जास्त बळ लागू नये. साधारण सव्वादोन किलोचं वजन उचलायला लागतो तेवढा हा जोर. त्याच नियमात आणखी एक अट आहे आणि आमच्या मते तीच जास्त मोलाची आहे : तो भाग एका हाताने चालला पाहिजे, आणि त्यासाठी घट्ट आवळावं, चिमटीत धरावं किंवा मनगट पिळावं लागता कामा नये. चिमटीचा जोर मुठीच्या पकडीच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा असतो. दहा न्यूटनची चिमटीतली कळ वीस न्यूटनच्या दांडीपेक्षा जड वाटते ती यामुळेच.

मोजायला ताणकाटा किंवा बॅगा तोलायचा हातातला डिजिटल काटा पुरतो. हात जिथे पडतो तिथेच दोरीचा फास अडकवा, काटकोनात आणि सावकाश ओढा. दोन आकडे लिहा : वस्तू जागची हलते त्या क्षणाचा आणि ती चालू असतानाचा. पहिला आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो आणि माणूस अडतो तोही तिथेच. पाच वेळा मोजून सरासरी काढू नका, सगळ्यांत वाईट आकडा धरा. फिरवायची वस्तू असेल तर तिच्यावर २० सेंटिमीटरची लाकडी पट्टी घट्ट बांधा आणि टोकाला काटा लावा. काट्यावर अर्धा किलो आला तर पिळाचं बळ जवळपास १ न्यूटन-मीटर (०.५ × ९.८ × ०.२).

आकडे झाले की मूठ घट्ट वळा आणि बोटं न उघडता वस्तू चालवून बघा. मग डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या), मग साबण लागलेल्या ओल्या हाताने. वस्तूचे दोष तिसऱ्या फेरीत बाहेर पडतात.

प्रश्न : बरणीचं फिरकीचं झाकण पहिल्यांदा उघडताना एवढं का अडतं? आणि एकदा ‘टक्’ झालं की लगेच सैल का होतं? झाकण मोठं करून उपयोग होईल का?

अडवतो तो बरणीवरचा हवेचा दाब. गरम भरून बंद केलेली बरणी थंड झाली की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण खाली दाबते. ७० मिमी व्यासाचं झाकण धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. आतबाहेरच्या दाबात ५० किलोपास्कलचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या साधारण निम्मा, फरक असेल तर झाकणावर १९० न्यूटनचा भार येतो. वीसेक किलोचं वजन झाकणावर ठेवून ते फिरवायला सांगावं, तसं झालं. ‘टक्’ आवाज येतो तेव्हा हवा आत शिरते आणि हा भार एकदम जातो.

त्यामुळे जास्त जोराने पिळत बसण्यापेक्षा आधी हवा आत सोडणं शहाणपणाचं. झाकणाच्या कडेखाली चमच्याच्या दांड्याचं टोक किंवा बोथट पट्टी घालून हलकेच बाहेरच्या बाजूला उचला. धारदार सुरी नको : ती सटकते आणि काचेची कड उडवते. नवी बरणी आखत असाल तर झाकणात हवा सोडणारी छोटी बूच किंवा बटण द्या.

आता झाकणाचा आकार. समजा पहिला झटका द्यायला ३ न्यूटन-मीटर पीळ लागतो. ३५ मिमी त्रिज्येवर तो ८६ न्यूटन होतो. पण गोल झाकणावर हा जोर फक्त घर्षणातून पोहोचतो. ओल्या हाताचा घर्षणांक (आवळण्याच्या जोराचा जेवढा हिस्सा फिरवायला उपयोगी पडतो तो) ०.३ धरला तर झाकण २८५ न्यूटनने आवळावं लागेल. रबराच्या पत्र्याने तो ०.९ झाला तर ९५ पुरतात. म्हणजे पीळ तोच, आवळणं एक-तृतीयांश. झाकणाला कंगोरे किंवा पाकळ्या दिल्या तर बोटं कडेला अडतात आणि आवळायची गरज आणखी घटते. व्यास वाढवूनही फायदा होतो, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे लहान हाताची बोटं पुरत नाहीत आणि पकडच सुटते. शिवाय बंद बरणीत व्यासाबरोबर हवेचा भार वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे बहुतेक जण विसरतात.

त्याहून जास्त विसरला जातो तो दुसरा हात. एक हात झाकण जेवढ्या जोराने पिळतो तेवढ्याच जोराने दुसऱ्या हाताला बरणी उलट्या दिशेने धरावी लागते. गुळगुळीत गोल बरणी त्या हातातून निसटते. बरणीच्या अंगाला दोन-तीन सपाट बाजू द्या, आणि घरी असलेल्या बरणीखाली रबरी मॅट ठेवा. अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न : आईच्या बोटांना संधिवात आहे. तिच्या सोलणीची मूठ जाड करावी म्हणून मी पट्टी गुंडाळत गुंडाळत ती पाच सेंटिमीटर जाड केली, पण ती म्हणते आधीचीच बरी होती. चुकलं काय?

जाडीची दिशा बरोबर, माप चुकलं. मुठीत धरायच्या दांड्याला बहुतेक हातांसाठी ३० ते ४० मिमी व्यास चांगला. त्याहून बारीक असेल तर सांधे फार दुमडावे लागतात, आणि दुखऱ्या सांध्याला तेच नको असतं. पण ५० मिमीला बोटं उघडीच राहतात, अंगठा बोटांपर्यंत पोहोचत नाही आणि आवळणाऱ्या स्नायूंना धड पकड मिळत नाही. पट्टीच्या थरांनी वजनही वाढलं असणार.

पट्टी काढून टाका आणि ३२ ते ३५ मिमीपासून सुरुवात करा. आकार गोल नको, किंचित लंबगोल हवा, साधारण ३० × ३८ मिमी. गोल दांडा हातात गरगरतो आणि तो थांबवायला पुन्हा आवळावं लागतं. लांबी किमान १०० मिमी ठेवा, नाहीतर दांड्याचं टोक तळहाताच्या मधोमध रुततं.

घरगुती उपाय म्हणून फोमची नळी चांगली, पण ती बंद छिद्रांची हवी. उघड्या छिद्रांचा फोम पाणी धरून ठेवतो आणि त्याला वास येतो. नळीचं भोक मूळ दांड्यापेक्षा एक-दोन मिमी लहान घ्या आणि साबणाच्या पाण्याने सरकवून बसवा. वाळल्यावर ती हलत नाही. सैल नळी गोंदाने चिकटवायचा मोह टाळा. गोंद सुटला की मूठ हातात फिरते, आणि पात्याच्या वस्तूत ते धोक्याचं असतं.

विकत घेताना वरून मऊ लागणाऱ्या रंगाचा नुसता थर दिलेली मूठ घेऊ नका. तो थर ओल, तेल आणि घाम यांनी काही वर्षांत चिकट होतो. अंगचीच मऊ, साच्यात ओतलेली रबरी किंवा सिलिकोनची मूठ टिकते. पत्नीला संधिवातामुळे होणारा त्रास पाहून सॅम फार्बर यांनी १९९० साली ‘ऑक्सो’ची जी अवजारं बाजारात आणली, त्यांच्या जाड लंबगोल मुठी सँटोप्रीन नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकच्या होत्या, आणि बोटं टेकतात तिथे बारीक लवचीक पापुद्रे होते. मूठ जाड होती हे सगळ्यांना आठवतं. पापुद्र्यांची नक्कल मात्र फार थोड्यांनी नीट केली. ते खोल नसतील तर नुसती नक्षी होते.

प्रश्न : दोन लिटरचा जग ओतताना मनगट भरून येतं. हलका जग घेतला, तरी फरक नाही.

रिकामा जग दोनशे ग्रॅमने हलका झाला, पण आतलं पाणी दोन किलोच राहिलं. मनगटाला त्रास वजनाने होतो त्यापेक्षा ते वजन मुठीपासून किती दूर आहे याने होतो. भरलेला जग अडीच किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य मुठीपासून १० सेंटिमीटर दूर असेल तर मनगटावर सुमारे अडीच न्यूटन-मीटर पीळ येतो. तेच अंतर ६ सेंटिमीटर केलं तर दीड. म्हणून बुटका-फुगीर जग टाळून उंच-अरुंद घ्या, कान जगाच्या अंगाजवळ पण चारही बोटं मावतील असा, आणि दुसऱ्या हातासाठी बुडाशी खाच असलेला. ओतायचं खूप असेल तर जग उचलूच नका. कलता स्टँड करा : जगाचा गुरुत्वमध्य येतो त्या उंचीच्या आसपास दोन्ही बाजूंना खिळी ठेवली की दोन बोटांनी तो कलतो. खिळी फार खाली ठेवली तर भरलेला जग आपोआप पुढे कोलमडेल, एवढं सांभाळा.

प्रश्न : रुंद खण एका बाजूने ओढला की तिरपा होऊन अडकतो. मेण लावून झालं. मधोमध एक मूठ आहे, तरी घरातले सगळे कोपऱ्यालाच धरून ओढतात.

ते धरणारच. एका हातात काही असलं की माणूस जवळचा कोपरा पकडतो. माणसाला शिस्त लावण्यापेक्षा खण सुधारावा.

खण का अडकतो याचा हिशेब सोपा आहे. ओढ मध्यापासून जेवढी बाजूला, तेवढा खण तिरपा होतो आणि त्याच्या बाजू चौकटीत दोन ठिकाणी रुततात. ओढीचं मध्यापासूनचं अंतर गुणिले घर्षणांक गुणिले दोन, हा गुणाकार चौकटीत उरलेल्या खणाच्या लांबीएवढा किंवा जास्त झाला की खण पक्का अडकतो. मग कितीही जोर लावा, ओढीच्या प्रमाणात अडवणूकही वाढते. लाकडावर लाकूड, घर्षणांक ०.४ धरा. ६० सेंटिमीटर रुंद खण मध्यापासून २५ सेंटिमीटरवर ओढला, तर २ × ०.४ × २५ = २०. म्हणजे आत २० सेंटिमीटर उरले की खण थांबणार. मेणाने घर्षणांक ०.२ वर आला तर १० सेंटिमीटर उरेपर्यंत चालेल. मेण चुकीचं नाही, पण अपुरं आहे आणि ते धुळीने पुन्हा बुजतं.

पक्का उपाय असा. खणाच्या तळाखाली मध्यभागी एक लांब पट्टी लावा आणि चौकटीत तिच्यासाठी खोबण करा. दोन्हींमध्ये एखाद्या मिमीची सूट ठेवा, आणि बाजूंना मात्र ३-४ मिमी मोकळं सोडा. आता दिशा ठेवण्याचं काम ती पट्टी करते आणि खणाच्या बाजू रुतत नाहीत. पट्टी खणाच्या मागच्या टोकापर्यंत हवी, अर्धवट लावली तर उपयोग जातो. दुसरा मार्ग छर्‍यांच्या रनरचा. तिथे घर्षण इतकं कमी की प्रश्नच मिटतो, मात्र दोन्ही रनर एका पातळीत आणि समांतर बसले पाहिजेत. मागे-पुढे दोन मिमीचा फरक पडला तरी खण शेवटी जड होतो. आणि मूठ म्हणाल, तर एकाऐवजी पूर्ण रुंदीची खाच द्या, आत चार बोटं जातील इतकी, २५ मिमी खोल.

प्रश्न : फिरकीचा नळ बदलून दांडीचा घ्यावा का?

घ्या. फिरकीच्या नळात रबरी वायसर बैठकीवर दाबून पाणी अडवतो. तो झिजला की नळ ठिबकतो, ठिबकला की माणूस जास्त आवळतो आणि आवळल्याने वायसर आणखी चेंगरतो. दांडीच्या नळात चिनी मातीच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात, पाव फेऱ्यात काम होतं आणि आवळण्याचा प्रश्न येत नाही. या चकत्यांचा शत्रू म्हणजे वाळूचा कण. बसवण्याआधी पाइपातून मिनिटभर पाणी मोकळं सोडा आणि नळाआधी जाळी लावा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या दाराला आपोआप मिटणारं क्लोजर आहे. दार इतकं जड आहे की वृद्ध वाचक अंगाने ढकलतात. क्लोजर सैल केलं की ते पूर्ण मिटत नाही.

क्लोजरला हात लावण्याआधी त्याचा दांडा सोडवा आणि नुसतं दार हलवून बघा. दारच जड चालत असेल तर बिजागऱ्या कोरड्या आहेत किंवा दार खाली बसलं आहे. कडीची जीभ चौकटीच्या पट्टीवर घासत असेल तर पट्टी एक-दोन मिमी सरकवा किंवा कानस मारा. बहुतेक ठिकाणी हेच झालेलं असतं : जीभ अडते म्हणून कोणीतरी क्लोजरची स्प्रिंग आवळतो, आणि त्या दोन मिमीची किंमत प्रत्येक येणारा माणूस खांद्याने मोजतो.

मग हवेचा दाब तपासा. बाहेर हवा फेकणारा पंखा चालू असेल आणि हवा आत यायला वाट नसेल, तर २ चौरस मीटर दारावर केवळ २० पास्कलच्या फरकाने ४० न्यूटनचा भार येतो. कडेला ढकलताना त्यातला निम्मा, २० न्यूटन, हाताला जाणवतो. आतल्या साध्या दारासाठी अमेरिकेच्या नियमातली पूर्ण मर्यादाच २२ न्यूटनची आहे. पंखा बंद करून दार हलकं होतं का बघा. झालं, तर हवेसाठी जाळी बसवा.

एवढं झाल्यावर स्प्रिंग सैल करा. वेग ठरवणारे दोन स्क्रू असतात, एक मिटण्याच्या मुख्य टप्प्याचा आणि एक शेवटच्या झटक्याचा. ते एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा. पूर्ण बाहेर काढलेत तर तेल गळतं आणि क्लोजर फेकावं लागतं. ९० अंशांपासून १२ अंशांपर्यंत यायला दाराला किमान ५ सेकंद लागावेत. ढकलायची पट्टी बिजागरीपासून शक्य तितकी दूर हवी. ८० सेंटिमीटरऐवजी ४० सेंटिमीटरवर ढकललं तर दुप्पट जोर लागतो, म्हणून दाराच्या पूर्ण रुंदीची पट्टी दिसायला छान असली तरी लोक चुकीच्या टोकाला ढकलतात. अग्निरोधक दार असेल तर मात्र ते दरवेळी आपणहून कडीपर्यंत मिटलंच पाहिजे. तिथे हे प्रयोग करू नका, जाणकार बोलवा.

प्रश्न : ट्रॉलीला चाकं आहेत तरी उंबऱ्यावर ती अडते. भार कमी करावा का?

चाक मोठं करा. १० मिमी उंचवटा चढायला, २५ मिमी त्रिज्येच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या १.३ पट आडवी ओढ लागते. त्यापेक्षा ते उचलणं सोपं! ५० मिमी त्रिज्येला पाऊणपट पुरते, १०० मिमीला निम्म्याहून थोडी कमी. उंबऱ्याला उतार देता आला तर त्याहून बरं.

प्रश्न : सगळं इतकं हलकं केलं तर लहान मुलं औषधाची बाटलीसुद्धा उघडतील. वृद्धांची सोय आणि मुलांची सुरक्षितता एकत्र कशी साधायची?

बळाने कुलूप लावलं तर नाहीच साधत, कारण चार वर्षांच्या मुलाच्या हातात आणि संधिवात असलेल्या हातात बळाचा फरक पुरेसा नसतो. फरक असतो तो समजेचा आणि दोन गोष्टी एकाच वेळी करण्याच्या सवयीचा. शक्तीपेक्षा युक्ती ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. अमेरिकेत १९७० च्या विषबाधा-प्रतिबंधक वेष्टन कायद्याखाली झाकणांची चाचणी दोन्ही बाजूंनी होते : ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांपैकी किमान ८० टक्क्यांना १० मिनिटांत ते उघडता येऊ नये, आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांपैकी किमान ९० टक्क्यांना ते उघडता आलं पाहिजे.

‘दाबून फिरवा’ झाकणात दाबण्याचं बळ कमी ठेवा आणि माथा जरा खोलगट, रबरी करा, म्हणजे बाटली टेबलावर ठेवून बोटांऐवजी तळहाताने दाबता येते. बाजूंनी आवळून फिरवायची झाकणं संधिवातात त्रासाची, ती आम्ही सुचवत नाही. घरात लहान मूल नसेल आणि साधं झाकण मिळत असेल तर ते मागून घ्या, पण नातवंडं येणार असतील त्या दिवसाचा विचार आधी करा.

उंचावर ठेवणं हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्याच्याच घरात परावलंबी करतो. हात पोहोचायची सोयीची पट्टी अमेरिकेच्या नियमांत जमिनीपासून ३८० ते १२२० मिमी धरतात. त्या पट्टीतच, पण दोन क्रियांची कडी असलेल्या कपाटात औषधं ठेवा. चुकून चालू होऊ नये अशी कळ असेल तर तिला लागणारं बळ वाढवू नका, तिचा प्रवास लांबवा किंवा तिच्याभोवती ५ मिमी उंच कड द्या : बोट पोहोचतं, कोपर लागत नाही. दारांच्या दांड्यांचं टोक दाराकडे वळवलेलं घ्या, बाही अडकत नाही.